मोटार चालू होती

त्या जिल्ह्यात मी गेले ती भांडण घेऊन. कागदावर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. जे तिकडे गेले नाहीत त्यांनी तिथं काय बघायचं, असं मला परत आल्यावर कितीतरी जणांनी विचारलं. त्यांच्यासाठी हे लिहिते.

आधी भांडणाचं सांगायला हवं. माझे वडील इचलकरंजीतल्या एका छोट्या छापखान्यात जुळारी. संपाची, सभेची, निषेधाची पत्रकं त्यांच्या हातून निघायची आणि बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापलेल्या बाजूवरून मराठी शिकले. माझी वाक्यं अजूनही उद्गारचिन्हाकडे धावतात ती त्यामुळे. विशी ओलांडली तेव्हा मी स्वतःचं पत्रक काढलं: ‘आभाळात यंत्रं, रांजणात खडखडाट’. माणसांना प्यायला पाणी नाही आणि शास्त्रज्ञ ग्रहांमधल्या पोकळीतलं चुंबकत्व यानं धाडून मोजत बसले आहेत, असा त्याचा रोख. पुण्यात याच विषयावर व्याख्यान होतं. सभागृहाच्या दारात उभं राहून मी ते वाटलं.

व्याख्यान देणाऱ्या बाई शरयूबाई. पन्नाशीच्या, मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या. त्यांनी पत्रक घेतलं, उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याजवळ आल्या.

“यातली दोन वाक्यं चूक आहेत.”

“आणि बाकीची?”

“बाकीची बरोबर आहेत. म्हणून तर म्हणते, माझ्याबरोबर चल. मी उस्मानाबादेत यंत्र मांडणार आहे. लोकांसाठी सोप्या मराठीत एक पुस्तिका हवी आहे मला. वाटेल ते लिही, पण बघून लिही.”

नाही म्हणायला मला एकही कारण सापडलं नाही, याचा राग येऊन मी हो म्हटलं.

उमरगा

सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवर उमरगा लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक उभे, ट्रकांमध्ये चहाची दुकानं, आणि दुकानांमागे दवाखान्यांच्या पाट्या. एसटीतून उतरले तर समोर जीप घेऊन रहीमभाई उभे. शरयूबाईंनी या कामापुरती भाड्यानं घेतलेली जीप आणि तिच्याबरोबर आलेला हा माणूस. दाढी मेंदी लावलेली, डोळे सतत हसरे. मला नाव विचारण्याआधी त्यांनी विचारलं, “लोखंड काय काय आहे अंगावर?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हंजे लोहा, बेटा. छत्री, पिना, चावी, ट्रंक. मॅडमच्या पेटीला लोखंड चालत नक्को. मेरे पट्ट्याचा बक्कल बी निकाला उन्होंने. अब नाड़ा बांधता मैं.”

माझी छत्री, पत्र्याची ट्रंक, केसांतले आकडे, सगळं रहीमभाईंच्या बहिणीच्या घरी ठेवून घेतलं गेलं. त्यांना सगळी गल्ली आपा म्हणते. आपांनी माझी ट्रंक रिकामी करून कपडे एका जुन्या गादीपाटाच्या पिशवीत भरून दिले, आणि मी सासरी निघाल्यासारखी पिशवीच्या तोंडाशी गुळाचा खडाही ठेवला. वर म्हणाल्या, “लोखंड ठेवून चालली, आता वजन कमी झालं. दोन घास जास्त खा.” त्यांचं माझं नातं ते केवढं! पण उस्मानाबाद जिल्ह्यातला पहिला पाहुणचार मला या घरात मिळाला, आणि तो मी विसरलेले नाही.

चपला राहिल्या होत्या, त्यांच्या तळात खिळे. त्या मुरुमच्या बाजारात बदलायच्या ठरल्या. मुरुम म्हणजे उमरग्याच्या आत, कर्नाटकाच्या अंगाचं बाजाराचं गाव. तिथं मराठी, कानडी आणि उर्दू एकाच वाक्यात सुखानं नांदतात. चपलेवाल्या बाईनं “बर्री अक्का” म्हणून बसवून घेतलं, आणि रबरी चपलेत खिळा नाही याची मी तीनदा खात्री करून घेतली तेव्हा शेजारणीला म्हणाली, “हिच्या सासूनं लई छळलेलं दिसतंय.”

जीपमध्ये शरयूबाईंनी मला काम समजावलं, ते जसं समजलं तसं सांगते. सूर्यापासून एक विरळ वारा अखंड वाहत असतो. हवेचा नव्हे, विजेनं भारलेल्या कणांचा. त्या वाऱ्याबरोबर सूर्याचं चुंबकत्व ओढलं जातं आणि ग्रहांमधल्या सगळ्या मोकळ्या जागेत पसरतं. पृथ्वीच्या पुढे, सूर्याच्या दिशेला एक यान नेऊन ठेवलेलं आहे. वारा आधी त्याच्या अंगावरून जातो, मग साधारण तासाभरानं आपल्यापाशी पोचतो. त्यातलं चुंबकत्व कोणत्या दिशेला तोंड करून येतं यावर पृथ्वीचं चुंबकत्व हलायचं की नाही हे ठरतं. यानानं तिकडे काय मोजलं ते फितींवरून मागाहून मिळतं. इकडे जमिनीवर त्याच वेळी काय घडलं ते मोजणारं कोणीतरी हवं. असं मोजणाऱ्या ठाण्यांच्या ओळीत पश्चिम किनारा आणि हैदराबाद यांच्या मध्ये एक जागा रिकामी होती. ती भरायला आम्ही निघालो होतो.

“पण यानातलं लोखंड?” मी विचारलं. “यान म्हणजे तरी तारा आणि मोटारीच ना?”

शरयूबाई खूश झाल्या. “अगदी तेच. तिकडचं चुंबकत्व इतकं क्षीण आहे की यानाचं स्वतःचंच त्याहून जास्त भरेल.”

यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून डासाचं गुणगुणणं ऐकायचं, तसं हे. इचलकरंजीकराला याहून जास्त समजवावं लागत नाही.

“मग काय करतात?”

“लांब दांडी करतात. यान वर गेलं की दांडी बाहेर उलगडते आणि चुंबकमापक तिच्या टोकाला जाऊन बसतो. यानापासून दूर.”

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे ते कामाला येईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

विहीर

गाव मुरुमपासून आत आहे. नाव देत नाही, कारण चेअरमन अण्णा अजून चेअरमन आहेत आणि मला तिथं पुन्हा जायचं आहे.

मी गेले त्या वर्षी पाऊस रुसला होता. बहात्तरसारखं नाही, असं प्रत्येक जण पहिल्या वाक्यातच सांगे, जणू त्या वर्षाशी तुलना केली की चालू वर्ष सुसह्य होतं. आमच्याकडे पाहुणा आला की बादलीभर पाणी पायांवर ओततात. पंचगंगा जवळ असलेल्यांची ती मिजास. इथं तांब्याच्या धारेखाली परात धरली होती. माझ्या हातांवरून उतरलेलं पाणी परातीतून म्हशीच्या घमेल्यात गेलं आणि म्हैस ते माझ्यादेखत प्याली. मी त्या दिवसापासून साबण लावणं सोडलं.

जेवण मात्र असं की त्यात दुष्काळ शोधून सापडू नये. ज्वारीची भाकरी, कुटलेल्या शेंगांची चटणी, हुलग्याचं माडगं आणि वाळवून ठेवलेल्या अंबाडीची आंबट भाजी.

गावात सहकारी संस्थेची एक मोठी विहीर आहे. तिच्यावर विजेची मोटार, तिथून पाट, आणि पाटावर सगळ्यांच्या पाळ्या लागलेल्या. कोणाचं रान कधी भिजायचं ते ठरलेलं. वीज दुपारी यायची आणि तिला वाटेल तेव्हा जायची. संस्थेचे चेअरमन अण्णा हे थोराड, पांढऱ्या टोपीचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी शरयूबाईंना विहिरीजवळची लिंबाखालची जागा दिली होती. सावली, सपाट खोल माती आणि यंत्राची पेटी ठेवायला संस्थेची खोली. पलीकडे उघडा माळ. तिथला काळा दगड स्वतःच थोडासा चुंबकी, म्हणून शरयूबाईंना तो नको होता.

चुंबकमापकाला ऊन लागून चालत नाही. त्याच्यावर खोपी हवी, आणि खोपीत एकही खिळा नको. गावाला यात काहीच नवल वाटलं नाही. तिथं रानातली खोपी नाही तरी खिळ्यावाचूनच होते. वेळूच्या सांगाड्यावर तुराट्या, वर उसाचं पाचट आणि सगळं अंबाडीच्या सोलानं आवळलेलं. जिची भाजी दुपारी खाल्ली तिच्याच सालीचा दोर संध्याकाळी खोपीला गुंडाळला जाताना मी बघितला.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. यंत्राची लेखणी कागदाच्या पट्टीवर सरळ रेघ ओढत होती ती एकाएकी एक पायरी चढून बसली आणि खाली येईना. शरयूबाईंनी तारा तपासल्या, पेटी तपासली, माझे केस तपासले. शेवटी खोपीत शिरून वर बघितलं तर पाचटात घोड्याची नाल. रहीमभाईंनी अडकवली होती.

“हौ, मैंने लगाया,” ते म्हणाले. “नवी खोपी, नवी मशीन. सारा गाँव येऊन बघायलंय. कुणाची नजर लागली तर? जीपला बी हाय की नाल.”

माझ्यातलं पत्रक जागं झालं. अंधश्रद्धेवर मी बोलायला तोंड उघडलं तोवर शरयूबाई हसत सुटल्या होत्या. “रहीमभाई, या यंत्राला लागली ती तुमचीच नजर!” ते ओशाळून हसले, नाल सोडवून जीपला दुसरी म्हणून बांधली, आणि लेखणी आपली पायरी उतरून जागेवर आली. शंभर व्याख्यानांनी चुंबकमापक काय करतो हे गावाला पटलं नसतं, ते या नालेनं पटवलं. त्यानंतर खोपीकडे येणारा प्रत्येक जण लांबच थांबून खुरपं, विळा, किल्ल्या काढून ठेवू लागला, देवळात चपला काढतात तसा.

खरी अडचण दुपारी वीज आली तेव्हा कळली. मोटार सुरू झाली आणि लेखणी थरथरायला लागली. बारीक रेघेचा केसाळ सुरवंट झाला. त्याच दिवशी रहीमभाईंनी उमरग्याहून तार आणली. सूर्यावर मोठा स्फोट दिसला आहे. त्यातून निघालेलं वादळ दोनतीन दिवसांत पृथ्वीपर्यंत येईल. अशासाठीच तर शरयूबाई इथवर आल्या होत्या.

चेअरमन अण्णांनी ते ऐकलं आणि छातीवर हात ठेवला. “बाई, तुमचं काम व्हईपत्तुर मोटार बंद. राष्ट्राचं काम हाय.”

शरयूबाईंनी हात जोडले. खरं सांगते, मलाही गहिवरून आलं. ते पाणी कोणाचं होतं हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही.

गयाबाई

दुसऱ्या दिवशी सकाळी खोपीपासून बऱ्याच अंतरावर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, काटक, डोक्यावर पदर घट्ट. हातातलं खुरपं तिनं खाली ठेवलं. मग आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुमच्या यंतराला लोखंड चालत न्हाय म्हणं. आमी चालताव का?”

या गयाबाई. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे, तिथल्या. छप्पन सालानंतर त्यांच्या सासऱ्यांनी घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते. भिंतीवर आता दोनच तसबिरी आहेत आणि एका फळीवर जपून ठेवलेली पत्रकं. ती पत्रकं बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं, पण ते नंतर.

गयाबाई सांगत होत्या ते असं. पाटाच्या शेपटाला वस्तीतल्या घरांनी मिळून गुरांसाठी कडवळ पेरलं होतं. वैरण दुसरी नव्हती. पाळी फिरतफिरत आज त्यांच्यावर आली होती. आजपासूनचं पाणी मिळालं तर कडवळ तगणार होतं. हुकलं तर पुढची पाळी येईतो ते उभ्या जागी वाळणार आणि गुरं विकायला काढावी लागणार होती.

“वरच्या आळीचं भिजवून झालं काल,” त्या म्हणाल्या. “आन् काल सांच्याला मोटार बंद झाली. आमाला सांगितलं, मुंबईच्या बाईंनी बंद केली.”

शरयूबाईंचा चेहरा उतरला. मी मात्र पेटले होते. गयाबाईंना घेऊन मी तडक चेअरमन अण्णांच्या ओट्यावर गेले. शरयूबाई मागून आल्या. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण त्यात ‘सहकार’ हा शब्द पुष्कळदा होता. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आवो ताई, बसा की. च्या घ्या आदी. तुमी पावन्या. पाळीचं गणित लई जुनं हाय, त्यात नका पडू. ह्यांची पाळी मागनं देऊ आमी.”

“मागनं म्हंजी कवा?” गयाबाईंनी विचारलं. “कडवळाची काडी झाल्यावर?”

“आता सूर्यानं काय मला इचारून स्फोट केला का?”

“सूर्यानं न्हाय केला इचारून. पण अण्णा, वरची आळी भिजल्याबिगर राष्ट्र आठवंना व्हय तुमाला?”

ओट्यावर बसलेले दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले. अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

मी शरयूबाईंकडे वळले. “तुमची पुस्तिका मी आता लिहिते,” म्हटलं. “पहिलं वाक्य मिळालं मला.”

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण दुपारपर्यंत थांब. वीज आली की मला तुझी गरज आहे.” मग अण्णांकडे बघून म्हणाल्या, “वीज आली की मोटार सुरू करा.”

“आन् तुमचं वादळ?”

“मोटार सुरू करा, अण्णा.”

माळ

दुपारी वीज आली. मोटार घरघरली, पाटात पाणी पडलं, आणि गयाबाईंच्या घरची माणसं वाफ्यांची दारं फोडायला पाटाच्या शेपटाकडे पळाली. शरयूबाईंनी मला लेखणीपाशी बसवलं.

“यानात मोटारी बंद करत नाहीत, कमल. त्या बंद केल्या तर यानच मरेल. तिथं चुंबकमापक दूर जातो. काल मला हे आठवायला हवं होतं.” त्यांनी चुंबकमापकाची लाकडी पेटी उचलली. “मी तारा घेऊन माळाकडे जाते. थरथर थांबली की पदर हलव.”

त्या चालत राहिल्या, रहीमभाई मागून तारेचं भेंडोळं सोडत. मी लेखणीवर डोळे लावून बसले. केसाळ सुरवंट हळूहळू बारीक होत गेला. लिंबापासून बांध, बांधापासून बाभळ. बाभळीच्या पुढे माळावर त्या अगदी लहान दिसायला लागल्या तेव्हा रेघ पुन्हा सुतासारखी झाली. मी उभी राहून दोन्ही हातांनी पदर हलवला. गावातल्या लोकांना वाटलं मला काहीतरी चावलं.

दगडाचं त्यांनी मला नंतर समजावलं. माळाच्या दगडातलं चुंबकत्व थरथरत नाही, एका जागी मुकाट असतं. त्यामुळे रेघ वर सरकेल किंवा खाली, पण स्वच्छ राहील. पेटी हलू दिली नाही म्हणजे झालं. आधीची जागा सोयीची होती, इतकंच. आणि सोय कोणाची ते आम्हाला कळलं होतं.

आता प्रश्न खोपीचा. माळावर सावलीचा ठिपका नाही. नवी खोपी बांधायची तर उद्याचा दिवस जाईल आणि तेवढ्यात वादळ आलं तर? शरयूबाई आभाळाकडे बघत उभ्या होत्या, तिथं अर्थातच काही दिसत नव्हतं.

“बांदायची कशाला?” गयाबाई म्हणाल्या. “उचला की.”

त्या भागात हे नेहमीचं आहे. राखण एका रानातून दुसऱ्या रानात गेली की खोपीही जाते, मोडून नव्हे, आहे तशी. खिळे नाहीत म्हणूनच ते साधतं. दोर ओढ सहन करतो, वेळू वाकतो, सांगाडा तुटत नाही. खांबांची माती मोकळी केली, पहार लगेच लांब नेऊन ठेवली, आणि चारी अंगांना माणसं लागली. वस्तीतले होते, संस्थेचे गडी होते, रहीमभाई होते. वरच्या अंगाचा एक कोपरा मोकळा राहिला. कोणीच पुढे होईना. तिथं बाजूला उभ्या असलेल्या दोघांनी शेजारच्या खांबाला कोण लागलं आहे ते बघितलं होतं आणि आपले हात मागं घेतले होते. मी हे लिहून ठेवते, कारण गोड प्रवासवर्णनांत हे गाळायची पद्धत आहे.

गयाबाई अण्णांकडे बघत राहिल्या. अण्णांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि कोपऱ्याखाली खांदा घातला. “बगताव काय?” ते त्या दोघांवर ओरडले. “चेअरमननं एकट्यानं वडायची व्हय?” मग ते दोघेही लागले. अण्णांनी हे मनापासून केलं की मॅडमच्या देखत लाज गेली म्हणून, ते मला ठाऊक नाही. त्या क्षणी खांदा होता, एवढं मी सांगू शकते, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

खोपी चालायला लागली. बांधावरून चढताना ती एका अंगाला झुकली, पाचट सळसळलं, आत कोणाची तरी टोपी अडकली. “डावीकडं घ्या, डावीकडं!” “कुणाची डावी?” असा पुकारा सुरू. खाली पाटात पाणी वाहत होतं, आणि माळावर पाय फुटलेलं एक घर हळूहळू वर जात होतं. असं दृश्य मी पुन्हा बघेन असं वाटत नाही.

वादळ

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. वीज होती. मोटार चालू होती, कडवळात गयाबाई दारं धरत होत्या. मी संस्थेच्या खोलीत यंत्रापाशी शेंगा फोडत बसले होते, आणि लेखणीनं उडी मारली.

“रहीमभाई!” शरयूबाई ओरडल्या.

“अल्ला की कसम मॅडम, नाल जीप कू है!” त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. आम्ही खोपीत धावलो. पाचट चाचपलं, खांबांच्या बुंध्याशी बघितलं. काही नाही. कोणी आलंही नव्हतं. परत आलो तर उडी मारलेली रेघ तशीच वर होती. काही वेळानं ती खाली झुकायला लागली, उतरत गेली, आधीच्या पातळीखाली गेली आणि उतरतच राहिली. नाल असती तर पायरी तशीच राहिली असती. नाल उतरत नाही.

शरयूबाई तिथंच मातीत बसल्या. “आलं,” म्हणाल्या.

मी बाहेर बघितलं. ऊन होतं, माळ होता, एक शेळी बाभळीला पुढचे पाय लावून उभी होती. सूर्यावरून निघालेलं वादळ आमच्या सगळ्यांच्या अंगावरून चाललं होतं आणि शेळीचा कानही हलला नव्हता. मला उद्गारचिन्ह सापडलं नाही.

दारं मोडून गयाबाई वर आल्या तेव्हा त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या वर्षी त्या गावात मी बघितलेला पहिला चिखल तो. खुरपं लांब ठेवून त्या आल्या आणि कागदाच्या पट्टीवर वाकल्या. शरयूबाईंनी उडी दाखवली, उतार दाखवला.

“आन् आमचं पाणी ह्यात कुठं दिसतंय?” गयाबाईंनी विचारलं.

“दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर खोपी उचलली ना?” शरयूबाई आनंदानं म्हणाल्या.

गयाबाई आनंदल्या नाहीत. “मंग लिवा की बाई तिथं.”

“काय लिहू?”

“मोटार चालू व्हती म्हणून लिवा. न्हाय लिवलं तर कागुद बगून कुणीबी म्हणंल, रेघ लई बेस आली, मोटार बंद ठिवली असंल. फुडल्या बारीला दुसरं कुणी यंतर घिऊन येतंय आन् पुन्हा आमचीच पाळी तुटती.”

शरयूबाईंनी पेन्सिल काढली. पितळी टोपणाची, या कामासाठी मुद्दाम आणलेली. रेघेच्या कडेला, वादळाच्या बरोबर खाली, त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: मोटार चालू होती. लिहिलेलं गयाबाईंनी स्वतः अक्षर लावून वाचलं, मग हात धुवायला गेल्या. परात होती, पण त्या दिवशी त्यांनी ते पाटावर धुतले.

परंडा आणि पुढे

शरयूबाईंना पुढची एक जागा परंड्याकडे बघायची होती, म्हणून जीपनं मला तिथवर सोडलं. परंड्याहून कुर्डुवाडीला एसटी आणि तिथून मिरजेची छोटी गाडी, असा माझा परतीचा रस्ता. एसटीला अवकाश होता तेव्हा किल्ला बघितला. बुरुजावर पंचधातूची मोठी तोफ आहे. शरयूबाईंनी निरोपाची भेट म्हणून दिलेलं होकायंत्र मी तिच्याजवळ धरलं. एवढं मोठं धूड, पण लोखंडाचं नव्हे, म्हणून सुई ढिम्म. तेच रहीमभाई मागून आपल्या किल्ल्या वाजवत आले तशी फिरली. “देखा,” ते म्हणाले, “तोप पेक्षा मैं भारी.” ट्रंक, छत्री आणि आकडे त्यांनी आपांकडून आठवणीनं आणले होते. ट्रंकेत पुन्हा गूळ होता.

काही महिन्यांनी मुंबईला शरयूबाईंकडे गेले तेव्हा यानाच्या फिती आल्या होत्या. त्यांनी दोन रेघा एकाखाली एक मांडल्या. वरची तिकडची, खालची माळावरची. यानात उडी आधी, आमच्याकडे मागाहून, आणि यानातलं चुंबकत्व दक्षिणेकडे वळल्यानंतर आमची रेघ उतरू लागलेली. मधली रिकामी जागा भरली होती.

माझ्या पत्रकातली दोन वाक्यं मी खोडली. बाकीची ठेवली आहेत, कारण रांजण अजून खडखडतात आणि ते लिहिणं माझं काम आहे. पुस्तिका मात्र वेगळी लिहिली. तिच्यात आपा आहेत, नाल आहे, चालणारी खोपी आहे, अण्णांचा खांदा आहे आणि मागे घेतलेले हातही आहेत. गयाबाईंच्या गुरांतलं एकही विकलं गेलं नाही, हे त्यांनी रहीमभाईंकरवी कळवलं. तेही आहे.

छापायला वडिलांकडेच दिली. शेवटच्या पानावर ती रेघ, आणि तिच्याखाली पेन्सिलीतली ओळ छापायची होती. वडिलांनी पान जुळवलं, मोजपट्टी लावली आणि मला बोलावलं.

“एक ओळ जास्त होते. ही मोटारीची काढू का? आकृतीत तर मोटार कुठं दिसत नाही.”

मी पान बघितलं. वर आकृती, खाली ती ओळ, आणि तिच्याखाली ‘लेखिका’ म्हणून माझं नाव.

“ती राहू द्या,” मी म्हटलं. “माझं नाव काढा.”